हिरवे पाणी आणि मुका काठ

उन्हाळा चढू लागला की सोलापूरच्या तलावांवर हिरवी साय धरू लागते. सिद्धेश्वर तलाव असो, विजापूर रस्त्यावरील कंबर तलाव असो, वा शहराची तहान भागविणारा उजनीचा जलाशय असो. "शेवाळ आले" एवढ्या दोन शब्दांत विषय मिटविला जातो. वस्तुतः तो तेथून सुरू व्हावयास हवा.

सर्वच शेवाळ विषारी नसते, हे खरे. परंतु नीलहरित शेवाळाच्या काही जाती यकृतावर आघात करणारे विष निर्माण करतात, आणि जात कोणती हे काठावरून डोळ्यांना कळत नाही. पाणी उकळल्यानेही हे विष नष्ट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पोहण्याच्या व जलक्रीडेच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन या विषाची मर्यादा लिटरला 24 मायक्रोग्रॅम अशी सुचविली. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्नानयोग्य पाण्याचे निकष कोलिफॉर्म जंतू, आम्लता, विरघळलेला प्राणवायू व जैविक प्राणवायू-मागणी एवढ्यांपुरते आहेत; शेवाळाच्या विषाचा त्यांत उल्लेख नाही. गंमत अशी, की भर दुपारी हिरव्यागार पाण्याचा नमुना घेतला तर त्यात प्राणवायू भरपूरच आढळावा, कारण उन्हात शेवाळ तो सोडीतच असते! पहाटे त्याच पाण्यात मासे तडफडतात.

हे शेवाळ पोसते कशावर? सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदावर. उजनीच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहेत. शुद्धीकरणावरचा खर्च वरच्यांनी वाचवावयाचा आणि त्याची किंमत खालच्यांनी भरावयाची, यालाच अर्थशास्त्र बाह्य खर्च म्हणते. तो भरणाराही कोण? ज्याच्या घरी गाळणयंत्र आहे तो नव्हे. गुडघाभर पाण्यात जाळे ओढणारा भोई, घाटावर कपडे धुणाऱ्या बाया, जनावरे पाजणारा गुराखी आणि सुटीत डुंबणारी वस्तीतील पोरे यांच्या अंगाला ते पाणी लागते.

2014 मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात ईरी सरोवराच्या पाण्यात हे विष आढळताच सुमारे 4 लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे तत्काळ बजावण्यात आले. तेवढी यंत्रसामग्री येथे कोठून आणणार, हा आक्षेप ठरलेला आहे. पण पहिली चाळणी सूक्ष्मदर्शकाने होते, आणि वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयात तो असतो. फेब्रुवारी ते जून दर आठवड्याला नमुना घ्यावा, संशय आल्यास विषाची तपासणी करावी आणि निकाल त्याच दिवशी मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दूत तलावाच्या काठीच लावावा. कार्यालयातील धारिकेत पडून राहणारा अहवाल भोयाच्या काय कामाचा?

येथे मात्र एक अडचण आहे, आणि ती हितसंबंधांची आहे. "मासे धरू नका" अशी पाटी लागली की त्या दिवसाची चूल कशी पेटावी? बंदीच्या दिवसांची भरपाई दिली नाही, तर भोईच ती पाटी उपटून टाकतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तपासणीच्या तरतुदीतच त्या भरपाईचा आकडा धरला पाहिजे. आणि तो सोलापूरच्या करदात्याकडून न घेता सांडपाणी सोडणाऱ्या महापालिकांकडून वसूल करावा.