हजारो वर्षांचा अनुभव आणि बीपीचं मशीन

"झाडपाल्याचं औषध आहे, त्याला कसले आलेत साइड इफेक्ट?" हे वाक्य प्रश्नासारखं दिसतं, पण आपल्याकडे तो निकाल असतो. पुढे चर्चा बंद.

सध्या हा विषय डोक्यात घोळतोय त्याला कारण आमचे धर्माबादचे मामा. वय साठीच्या पुढे, मिरचीच्या अडतीवर आयुष्य गेलेलं, ठेचा-पापड-लोणच्याशिवाय घास उतरत नाही, आणि बीपी अर्थातच वर. डॉक्टरांची गोळी रोज चालू आहे. त्यात आता कुणीतरी सांगितलं म्हणून एक चूर्णही सुरू झालंय. पुडीवर ना घटक, ना बॅच नंबर, ना तारीख. फोनवर विचारलं तर म्हणाले, "अरे, हजारो वर्षांचा अनुभव आहे त्याच्यामागं. तुझा कंप्युटर कालचा!" मामांशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

तर हा "हजारो वर्षांचा अनुभव" जरा तपासूया. ताप, जुलाब, खोकला यांच्याबाबतीत तो दावा समजू शकतो. औषध दिलं, ताप उतरला, दिसलं. पण बीपी? बहुतेक लोकांना बीपी वाढल्याचं कळतच नाही. दंडाला पट्टा बांधून ते मोजायचं साधन इटलीच्या रिव्हा-रोची यांनी आणलं १८९६ साली. जी गोष्ट मोजताच येत नव्हती आणि जिची लक्षणंही दिसत नव्हती, तिच्यावरच्या औषधाचा हजारो वर्षांचा अनुभव येणार कुठून? औषध जुनं असेल, पण त्याचा हा उपयोग नवा आहे.

आता कोणी म्हणेल, हा आयुर्वेदाच्या विरोधात आहे. मुळीच नाही. उलट माझ्या बाजूने उभी आहे आपली सर्पगंधा.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पूर्वीपासून सर्पदंशावर आणि वेड लागलेल्या माणसाला शांत करायला वापरत. त्याने रक्तदाब उतरतो हे १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं. पण जगाने दखल घेतली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. केईएमशी संबंध असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाने ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या ४ आठवडे दिल्या, मोजमापं ठेवली, आणि निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. ८५ टक्के रुग्णांचा वरचा आकडा खाली आला होता. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं, आणि जगभर त्याच्या गोळ्या निघाल्या.

गोष्ट इथे संपली असती तर आपण कॉलर ताठ करून मोकळे झालो असतो. पण खरा धडा पुढे आहे. १९५४ साली अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी लिहिलं, की मोठ्या डोसात बरेच दिवस रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना गंभीर नैराश्य येतंय. नाक चोंदणं आणि नाडी मंदावणं हेही दिसत होतं. म्हणजे "नैसर्गिक" मुळातलंच द्रव्य, पण मन काळवंडवणारं. मग डोस कमी केले गेले. आणि याच फ्रीस यांच्या गटाने १९६७ साली दाखवून दिलं, की रेसर्पिन आणि दुसरी दोन औषधं एकत्र दिली तर तीव्र बीपीच्या रुग्णांमधले गंभीर धोके प्रचंड घटतात. ७० जणांच्या प्लासिबो गटात २७ गंभीर घटना, औषध घेणाऱ्या ७३ जणांत फक्त २.

थोडक्यात काय, तर चाचणीने सर्पगंधेचा अपमान झाला नाही. तिचा गुणही चाचणीनेच सिद्ध केला आणि दोषही चाचणीनेच पकडला.

आमच्या धंद्यात एक वाक्य कुप्रसिद्ध आहे : "माझ्या मशीनवर तर चालतंय!" शेजारच्या काकांना चूर्णाने बरं वाटलं, हा पुरावा त्याच जातीचा. दुसरं म्हणजे, दोन प्रोग्रॅम वेगवेगळे नीट चालतात आणि एकत्र आले की सिस्टिम बसते. औषधांचंही तसंच. नाडी मंदावणारी बीपीची गोळी आणि वर सर्पगंधा, तर नाडी आणखी मंदावू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत लसणीच्या कॅप्सूल घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि घशासाठी आपण निर्धास्त चघळतो ते ज्येष्ठमध? ते जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं!

भेसळीचा मुद्दा वेगळाच. २००८ साली 'जामा'मध्ये आलेल्या अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी जवळजवळ २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. त्यांत भारतात बनलेली होती तशी अमेरिकेत बनलेलीही होती.

कायदा काय म्हणतो? १९५४ च्या जादूटोणा-उपचार जाहिरात कायद्याच्या यादीत बीपी आहे. म्हणजे बीपी बरं करण्याची जाहिरात करायलाच बंदी. पण २०१० च्या १५८-बी नियमानुसार, ग्रंथातल्या औषधाला ग्रंथातल्याच उपयोगासाठी परवाना घेताना नवा सुरक्षितता-अभ्यास सहसा मागितला जात नाही. इथेच मला खटकतं. ग्रंथ लिहिणाऱ्यांसमोर बीपीसोबत शुगरची गोळी आणि ॲस्पिरिन घेणारा रुग्ण नव्हता. आज बीपीसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाची, मग ते कुठल्याही पॅथीचं असो, आजच्या रुग्णांवर चाचणी हवी, आणि निकाल उघड हवेत. वकिलांनी १९४९ साली जे केलं ते आज मागणं फार नाही.

चाचण्या होतील तेव्हा होतील. तोवर तुमच्या-माझ्यासारख्या शहरात बसलेल्यांनी करायचं काम सोपं आहे. गावाकडे आई-बाबा, मामा-काका जे काही घेतात त्या सगळ्याचे, चूर्णासकट, फोटो मागवा आणि ती यादी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. चालू गोळी परस्पर बंद करू देऊ नका, काही गोळ्या अचानक सोडल्या की बीपी उसळी मारतं. आणि ज्या पुडीवर घटकच लिहिलेले नाहीत, ती घरात नको. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्याने सांगायचं नसेल, तर आपण ती गिळायची कशासाठी?