पार्ट विकण्याआधी निदान विका

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका जुन्या मिलिटरी ट्रकच्या केबिनमधला हीटर चालू करण्याचं काम बघितलं. “महाडमध्ये हीटर कशाला हो?” असं हसत विचारणारे भरपूर भेटतात. मे महिन्यात आपल्याकडे गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही, मान्य आहे. पण जुलैत पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाऊन बघा. बाहेर पाऊस आणि धुकं, केबिनमध्ये भिजलेली तीन माणसं, आणि समोरच्या काचेवर आतून धरलेली वाफ. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग सांभाळतो आणि दुसऱ्या हाताने फडकं फिरवतो. इथे हीटर पाय शेकायला नाही, काच मोकळी राहावी म्हणून लागतो. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

आता गाडी कोणती? लष्कराच्या लिलावातून आलेली, ज्याला आपण डिस्पोजलची गाडी म्हणतो. शक्तिमान घ्या. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला हा ट्रक बंद होऊनही कित्येक वर्षं झाली. शोरूममध्ये पार्ट मिळत नाही, वायरिंगचा नकाशा नाही, आणि आधीच्या चार मेकॅनिकांनी आपापली अक्कल लावलेली. अशी गाडी आली की बहुतेक जण एकच सांगतात, “हीटर गेलाय शेठ, नवीन बसवू.”

माझं ठाम मत आहे की धंदा इथेच चुकतो. गाडीचा हीटर म्हणजे वेगळी शेगडी नव्हे. इंजिनाचंच गरम पाणी पाईपने एका छोट्या रेडिएटरमध्ये येतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो, एवढाच खेळ. त्यामुळे दहा मिनिटांत हाताने बरंच कळतं. इंजिन गरम झाल्यावर हीटरला जाणारे दोन्ही पाईप जपून चाचपा.

दोन्ही चांगले गरम, पण हवा येत नाही किंवा गार येते? मग पाणी ठीक आहे. फ्यूज, ब्लोअर आणि हवेची झडप बघा. पुष्कळ मिलिटरी ट्रक २४ व्होल्टचे असतात. त्यात कुणी १२ व्होल्टची मोटर ठोकली असेल तर ती जळणारच.

एक गरम, एक गार? पाणी आत अडतंय. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं की क्षार आणि गंज साचून जाळी तुंबते.

इंजिन गरम, पण दोन्ही पाईप गार? पाणी कमी आहे, व्हॉल्व्ह बंद आहे, हवा अडकली आहे किंवा कुणीतरी पाईप आपसात जोडून हीटर वगळला आहे. (रेडिएटरचं झाकण मात्र गाडी गार झाल्याशिवाय उघडू नका. तोंडावर उकळतं पाणी येतं.)

दोन्ही नुसते कोमट? मग थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा. “गाडी तापते” म्हणून तो काढून फेकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट गरमच होत नाही. घाट चढताना इंजिनावर लोड असतो, म्हणून थोडी ऊब मिळते. पण महाबळेश्वरहून खाली पोलादपूरला उतरताना इंजिन गार पडतं आणि नेमकं उतारावर, वळणावर काच धूसर होते.

आता हिशोब बघा. समजा थर्मोस्टॅट विकून तुम्हाला १०० रुपये सुटतात आणि अख्खा हीटर बदलला तर २,०००. तुमची कमाई फक्त मालावरच्या मार्जिनवर असेल, तर खरं शोधून काढलं की १,९०० रुपयांचं नुकसान. माणूस वाईट नसतो, पण हिशोबच त्याला खोटं बोलायला लावतो. आणि एवढं करून नव्या हीटरलाही कोमटच पाणी मिळणार. गिऱ्हाईक पुढच्या पावसात परत येईल, पण भांडायला.

म्हणून तपासणीचे पैसे वेगळे घ्या. मी स्वतः काउंटरला बसून पार्ट विकतो, तरी हे सांगतोय. बिलात तीन ओळी ठेवा: तपासणी, मजुरी, माल. तपासणीचा दर आधी सांगा, बोर्डावर लिहा. आणि काम तुमच्याकडेच आलं तरी ती रक्कम माफ करू नका. माफ केली की ती पुन्हा मालातूनच वसूल करावी लागते, म्हणजे आपण होतो तिथेच.

“सर, आपल्या गावाकडे नुसतं बघायचे पैसे कोण देतो?” हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. ओळखपाळख असते, नातं असतं. पण हाच माणूस डॉक्टरची फी देतो ना? कारण त्याच्या हातात चिठ्ठी पडते. तुम्हीही चिठ्ठी द्या. कुठला पाईप गरम, कुठला गार, मोटरला किती व्होल्ट, काय बदलायचं आणि काय बदलायची गरज नाही, हे चार ओळींत लिहा. “हे बदलू नका” ही ओळ लिहिणारा दुकानदार लोक विसरत नाहीत. ती चिठ्ठी घेऊन तो दुसऱ्याकडे गेला तरी जाऊ द्या. तुमच्या तासाचे पैसे तुम्हाला मिळाले आहेत.

सुरुवातीला काही गिऱ्हाइकं तुटतील, हे लपवत नाही. पण जुन्या, अडलेल्या, कुणी हात न लावणाऱ्या गाड्या तुमच्याकडे यायला लागतील. त्या कामात भावाची ओढाताण कमी असते, कारण ते करणारे कमी असतात.

हे फक्त गॅरेजवाल्यांसाठी नाही. मोबाईल, मिक्सर, पंप, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला हेच लागू आहे. या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या तपासणीचा दर ठरवा आणि छोटं चिठ्ठीबुक छापून घ्या. पहिली चिठ्ठी फाडताना हात थोडा अडखळेल. तरी फाडा.