विश्लेषण : कापसाचा विषाणू जास्वंदीवर कसा पोहोचला?

जास्वंदीची पाने मुरडली की आपण पाण्याला नाहीतर खताला दोष देतो. २००६ मध्ये दक्षिण चीनमधील ग्वांगझू शहरात अशीच मुरडलेली जास्वंद तपासली, तेव्हा तिच्यात पाकिस्तानातील कापूस उद्ध्वस्त करणारा विषाणू निघाला.

हा विषाणू कोणता?

‘कॉटन लीफ कर्ल मुलतान व्हायरस’. मुलतान परिसरात पाने मुरडण्याचा रोग १९६७ मध्ये प्रथम दिसला. १९९०च्या दशकात त्याने तिथला कापूस झोपवला आणि १९९३-९४च्या सुमारास राजस्थान-पंजाबातही शिरकाव केला. विषाणूचा डीएनए जेमतेम २७०० अक्षरांचा. सोबत त्याच्या निम्म्या आकाराचा ‘बीटासॅटेलाइट’ नावाचा तुकडा असतो. झाडाची प्रतिकारशक्ती दाबण्यात मोठा वाटा त्याचाच. मूळ प्रोग्रॅम साधा आणि करामत प्लग-इनची, असा हा प्रकार.

जास्वंदच का?

कापूस, भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या. विषाणू वाहून नेणारी पांढरी माशी तिन्हींवर बसते. मात्र दूरच्या देशांत विषाणू बहुधा रोपांसोबत पोहोचतो. जास्वंद फांदी लावून वाढवतात, त्यामुळे आजारी झाडाची प्रत्येक फांदी म्हणजे नवे आजारी रोप. शिवाय कापूस हंगामानंतर उपटला जातो, जास्वंद वर्षानुवर्षे कुंपणाला उभी. विषाणूला बारमाही आसरा मिळतो. चीनमध्ये पुढे तो भेंडी आणि कापसावरही आढळला. पिकाच्या बियाण्याबाबत आपण जेवढे काटेकोर असतो, तेवढे शोभेच्या रोपाबाबत नसतो. खरी फट इथेच आहे.

महाराष्ट्राला धोका किती?

कापसावरील हा रोग आजवर मुख्यतः पंजाब, हरियाणा, राजस्थान पट्ट्यात राहिला. पण भारतात जास्वंदीवर या विषाणूची नोंद झालेली आहे, आणि गणपतीच्या फुलासाठी आपल्याकडे दारोदारी जास्वंद आहे. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस पाहता दुर्लक्ष परवडणारे नाही.

ओळखायचे कसे?

प्रत्येक मुरडलेले पान विषाणूचे नसते. शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर असेल तर तो बहुधा पिठ्या ढेकूण. शिरा जाड झाल्या असतील आणि पानाखाली शिरेवर वाटीसारखी वाढ असेल तर विषाणूचा संशय घ्यावा. त्यावर औषध नाही. फवारणीने मरते ती फक्त माशी. असे झाड काढून टाकावे आणि त्याची फांदी शेजाऱ्यांना लावायला देऊ नये.