स्कॅनमध्ये चमकणारी गाठ

रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी उपचार आता महाराष्ट्राला परका राहिलेला नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून साकारलेल्या ‘नेक्सकार-19’ला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी बाहेर काढायच्या, कर्करोगाच्या पेशींवरील सीडी-19 ही खूण ओळखण्याची शक्ती त्यांना द्यायची आणि त्या शिरेवाटे पुन्हा शरीरात सोडायच्या, असे या उपचाराचे स्वरूप. खर्च लाखांच्या घरात. त्यामुळे उपचारानंतरच्या पहिल्या स्कॅनचा अहवाल घरातील मंडळी श्वास रोखून वाचतात, आणि पुष्कळदा नको तो अर्थ काढतात.

लिम्फोमात हा स्कॅन म्हणजे पेट-सीटी. तो साधारणतः एका महिन्याने आणि पुढे तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करतात. त्यासाठी किंचित किरणोत्सारी ग्लुकोज टोचले जाते. ज्या पेशी साखर अधाशीपणे खातात, त्या पडद्यावर चमकतात. कर्करोगाच्या पेशी अधाशी असतातच. परंतु त्यांच्यावर तुटून पडलेल्या टी-पेशींनाही इंधन लागते. जंतुसंसर्ग झालेली जागाही चमकते, थंडीने आखडलेला स्नायूसुद्धा! म्हणून पहिल्या स्कॅनमध्ये गाठ ठळक दिसली, म्हणजे आजार वाढलाच असे नव्हे. तो वाढलेला असूही शकतो. खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. गाठीचा आकार, ताप, रक्ततपासणी हे सारे एकत्र पाहूनच तज्ज्ञ मत बनवतात. शंका उरली, तर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात किंवा गाठीचा तुकडा काढून तपासतात. अहवालात ‘डोव्हिल’ या शब्दापुढे 1 ते 5 पैकी आकडा असतो. 1 ते 3 बहुधा समाधानकारक. 4 वा 5 दिसल्यास उपचार वाया गेला असे ठरवून मोकळे होऊ नये.

ल्युकेमियात मात्र मुख्य भिस्त अस्थिमज्जेच्या तपासणीवर असते. तिथे पेट स्कॅन सांगितला नाही, म्हणून हळहळू नये.

मधुमेही ज्येष्ठांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. स्कॅनपूर्वी चार ते सहा तास साध्या पाण्याखेरीज काही घ्यायचे नसते. देऊळघाटहून रात्रभर प्रवास करून मुंबईस पोहोचलेल्या आजोबांना पहाटे बिनसाखरेचा चहा दिला, तरी दुधातली साखर पोटात जातेच. रक्तातील साखर 200 च्या वर असल्यास स्कॅन बहुधा पुढे ढकलतात. ती घाईने उतरवण्यासाठी ऐनवेळी इन्सुलिन टोचू नये. त्यामुळे ते ग्लुकोज स्नायूंत शिरते आणि चित्र बिघडते. मधुमेहाच्या गोळ्या व इन्सुलिन यांचे वेळापत्रक केंद्रात फोन करून आधीच विचारून घ्यावे.

आणखी एक. उपचारापूर्वीच्या स्कॅनची सीडी सोबत न्यावी, नुसता कागद पुरत नाही. नवी चमक जुन्या चित्रांशीच ताडून पाहायची असते.