दिवसाचा उजेड, रात्रीची झोप
अल्झायमर झालेल्या माणसाच्या घरात तिन्हीसांज फार जड जाते. दुपारपर्यंत शांत असलेली आजी दिवेलागणीला दाराची कडी चाचपू लागते, स्वतःच्याच घरात उभी राहून ‘मला घरी सोडा’ म्हणते, रात्रभर जागते आणि सकाळी चहाचा कप हातात धरून पेंगते. घरचे याला हट्ट समजून चिडतात, तेव्हा फार वाईट वाटतं, कारण हा हट्ट नसतो. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे 20,000 चेतापेशींचा पुंजका असतो. शरीराचं घड्याळ तोच चालवतो, आणि या आजारात त्याचीही झीज होते. उलट दिशेनेही काही घडतं: जाग्रण लांबलं की मेंदूत अमायलॉइड बीटा हे अल्झायमरमध्ये साठणारं प्रथिन वाढतं, हे 2009 साली उंदरांत दिसलं. हे घड्याळ उजेडावर लागतं, म्हणून मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो नेदरलँड्समधला उजेडाचा प्रयोग. तिथल्या 12 निवासी केंद्रांत 189 वृद्धांवर तो झाला. काही केंद्रांच्या बैठकीच्या खोलीत छताला जास्तीचे दिवे बसवून दिवसभर साधारण 1,000 लक्स उजेड ठेवला. 2008 साली निष्कर्ष छापून आले: बुद्धीची घसरण थोडी मंदावली, उदासीही कमी झाली. फरक लहानच, पण रोज सांभाळणाऱ्याला तेवढाही पुष्कळ असतो. आपल्याकडे असे रुग्ण पडदे ओढलेल्या आतल्या खोलीत, एका ट्यूबलाइटखाली दिवस काढतात. त्यांची खुर्ची उद्या सकाळीच गॅलरीत हलवा.