वेगाच्या बोटीला परीक्षा हवी

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर १९९३ च्या आधी जन्मलेल्या माणसाला २५० अश्वशक्तीचं इंजिन लावलेली बोट घेऊन खुशाल तलावात उतरता येतं. बोट चालवायला कुठे शिकलात, असं त्याला कायद्याने कुणी विचारत नाही. त्यानंतर जन्मलेल्याला मात्र १५ अश्वशक्तीच्या वरचं इंजिन चालवायचं तर सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. फ्लोरिडातही हाच प्रकार, तिथली तारीख १ जानेवारी १९८८. म्हणजे असली महागडी बोट घेण्याची ऐपत ज्यांच्याकडे असते, त्या चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांनाच नेमकी सूट. पाण्यावरच्या खेळांविषयी या सदरात लिहिताना मला इतकी उघडी फट दुसरीकडे दिसलेली नाही. बास बोट चालवणाऱ्या प्रत्येकाची पाण्यावर प्रत्यक्ष परीक्षा झालीच पाहिजे, मग त्याचा जन्म कधीचा का असेना.

बास हा अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या गळमासेमारीसाठी खास बोट बांधली ती होम्स थर्मनने, १९४८ साली लुइझियानात. १९६७ मध्ये रे स्कॉटने आर्कान्सामधल्या बीव्हर तलावावर मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी त्याच राज्यात फॉरेस्ट वूडने रेंजर बोटींचा कारखाना काढला. खेळ आणि बोट दोन्ही सोबतच वाढली. स्पर्धेत पहाटे सगळ्या बोटी सुटतात, तलाव मैलोन् मैल पसरलेला असतो आणि दुपारी ठरलेल्या वेळेत मासे वजनाला आणावे लागतात. उशीर झाला की मिनिटागणिक वजन कापलं जातं. मासे असलेली जागा जो आधी गाठेल आणि परतीला कमी वेळ घेईल, त्याला गळ टाकायला जास्त वेळ मिळतो. वेगाची हाव या हिशेबातून आली. आज वीस-एकवीस फुटांची बोट ताशी सत्तर मैलांनी, म्हणजे ११२ किलोमीटरने सहज धावते.

या वेगाला बोट सेकंदाला ३१ मीटर पुढे जाते. मासे दाखवणाऱ्या स्क्रीनकडे तीन सेकंद पाहिलं, तर नव्वदहून अधिक मीटर पाणी न बघता ओलांडलेलं असतं. लेक फोर्कसारख्या जलाशयात धरण भरताना झाडं उभीच ठेवली होती. त्यांचे बुंधे आजही पाण्याखाली आहेत. बोटीला ब्रेक नसतो, बसणाऱ्याला पट्टा नसतो. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलं गणित इथे हाडामांसाला लागू पडतं.

वेग वाढतो तशी बोट पाण्यातून वर उचलली जाते आणि शेवटी मागच्या बाजूची तळाची एक अरुंद पट्टी तेवढी पाण्याला टेकलेली राहते. पाण्याशी घर्षण कमी म्हणून वेग जास्त. पण सगळं वजन आता त्या पट्टीवर तोललेलं असतं. बोट किंचित डावीकडे कलते, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. अमेरिकेत याला चाइन वॉक म्हणतात. नवखा चालक बोट डावीकडे कलली की चाक उजवीकडे फिरवतो. पण त्याचा हात चालेपर्यंत बोट आपणहूनच उजवीकडे निघालेली असते, आणि सावरण्यासाठी दिलेला हिसकाच हेलकावा वाढवतो. घाबरून त्याने इंजिन एकदम बंद केलं, तर वर उचललेलं नाक धपकन खाली येऊन पाण्यात रुततं, बोट गर्रकन वळते आणि माणूस बाहेर फेकला जातो. करायचं असतं ते याच्या उलट. वेग थोडासा उतरवायचा, इंजिनाचा कोन म्हणजे ट्रिम जरासा खाली घ्यायचा, चाकावरचा हात हलका पण सतत चालता ठेवायचा. शिवाय निघण्याआधी दोन्ही बाजूंचं वजन सारखं करायचं आणि स्टिअरिंगमध्ये ढिलाई राहू द्यायची नाही.

‘तीस वर्षं बोट चालवतोय, मला कोण शिकवणार?’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं, आणि त्यामागचा अभिमान मला समजतो. पण ती तीस वर्षं बहुधा चाळीस अश्वशक्तीच्या ॲल्युमिनियमच्या बोटीवर गेलेली असतात. त्या बोटीवर संकट आलं की थ्रॉटल सोडून चाक वळवलं तरी निभावतं. सत्तर मैलांच्या वेगाला नेमकी तीच सवय घात करते. जुना अनुभव इथे विसरून नव्याने शिकावं लागतं, म्हणून परीक्षेची गरज पोरांइतकीच, किंबहुना जास्तच, जाणत्यांना आहे.

परीक्षेतला पहिला प्रश्न मी दोरीचा ठेवीन. चालकाच्या शेजारी एक लाल बटण, म्हणजे किल स्विच, असतं आणि त्याच्या खाली एक छोटी क्लिप बसवलेली असते. त्या क्लिपपासून निघालेली गुंडाळीदार दोरी चालकाच्या लाइफ जॅकेटला अडकवायची. तो जागेवरून उडाला की क्लिप निसटते आणि इंजिन बंद पडतं. ही दोरी लावलेली नसेल तर काय होतं? चालक पाण्यात पडतो, चाक मोकळं सुटतं, फिरत्या पंख्याच्या जोराने इंजिन एका बाजूला वळतं आणि रिकामी बोट भरवेगात गोल फिरू लागते. ज्या पाण्यात माणूस पडलाय, त्याच पाण्यात ती पंखा फिरवत परत येते. पोहता येणं तिथे कामाला येत नाही.

आणखी एक बारकावा सोबत बसणाऱ्याने शिकून घ्यावा. चालक पडला तर क्लिप त्याच्याबरोबर जाते, आणि बऱ्याच बोटींचं इंजिन क्लिपशिवाय पुन्हा सुरूच होत नाही. दुसरी क्लिप हाताशी असेल तरच सोबत्याला बोट वळवून त्याच्यापर्यंत जाता येतं. ती कुठे ठेवली आहे, हे निघण्यापूर्वी विचारावं.

१ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत केंद्राच्या अखत्यारीतल्या जलमार्गांवर ही दोरी लावणं सक्तीचं झालं. २६ फुटांहून लहान आणि तीन किंवा अधिक अश्वशक्तीच्या बोटींना हा कायदा लागू आहे, तोही बोट वेगात असतानाच. गळ टाकत हळूहळू फिरताना कुणी दोरी लावा म्हणत नाही. ‘सारखं उठबस करावी लागते, दोरी आडवी येते’ ही तक्रार त्यामुळे उरत नाही. बिनतारी स्विचही मिळतात. कायदा चांगला आहे, पण पहिल्या वेळचा दंड १०० डॉलर, आणि एवढ्या मोठ्या पाण्यावर प्रत्येक बोटीजवळ जाऊन दोरी तपासायला माणसं कुठून आणणार?

म्हणूनच माझी अपेक्षा स्पर्धा भरवणाऱ्यांकडून जास्त आहे. रे स्कॉटने लाइफ जॅकेट आणि किल स्विचचा आग्रह केंद्राच्या कायद्याच्या कितीतरी आधी आपल्या स्पर्धांतून धरला, आणि लोकांनी तो मानला, कारण न मानणाऱ्याला स्पर्धेत जागा नव्हती. मिनिटाला वजन कापण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी चालकाचं प्रमाणपत्रही मागावं. शाळकरी मुलांच्या स्पर्धांत मोठं इंजिन चालवायला प्रौढ माणूस असतो, ही पद्धत योग्यच आहे. पण तो प्रौढ स्वतः कधी शिकलाय का, हेही पाहिलं पाहिजे.

हे शिक्षण का हवं, ते अमेरिकेच्या कोस्ट गार्डचे वार्षिक अहवाल सांगतात. गेल्या काही वर्षांत दरवर्षी हौशी बोटिंगमध्ये पाचशेहून अधिक माणसं गेली. मृत्यूचं कारण कळलं त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश बुडाले, आणि बुडालेल्यांपैकी दर दहांतल्या आठांहून अधिक जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. चालकाच्या शिक्षणाची माहिती मिळाली अशा मृत्यूंपैकी साधारण सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त मृत्यू न शिकलेल्या चालकांच्या बोटींवर झाले. हे आकडे सगळ्या प्रकारच्या बोटींचे आहेत, पण शिकलेला हात आणि अंगातलं जॅकेट माणूस वाचवतं, हे त्यांतून लख्ख दिसतं.

वेगाच्या बोटीवरचा ताबा सुटला तर काय होतं, हे मुंबईने १८ डिसेंबर २०२४ ला पाहिलं. चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली आणि १५ जणांचे जीव गेले. गेटवेच्या प्रवाशांना लाइफ जॅकेटची सक्ती झाली ती त्यानंतर. डॅलस-ह्यूस्टनकडे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांपैकी कुणी मित्राच्या बास बोटीत बसणार असेल, तर त्याने अशा सक्तीची वाट पाहू नये. जॅकेट घालावं, आणि मित्राने दोरी अडकवेपर्यंत धक्का सोडू देऊ नये.

परीक्षा फार मोठी नको, एका सकाळची पुरे. बोट वर उचलून पुन्हा शांतपणे खाली आणणं, हेलकावा सुरू होताच तो मोडणं, दुसऱ्या बोटीची लाट तिरकी कापणं, वळणाआधी वेग उतरवणं, पाण्यात पडलेल्याला इंजिन बंद करून वर घेणं. जाणकार शेजारी बसवून एवढं करून दाखवील त्याला प्रमाणपत्र द्यावं, बाकीच्यांना पुन्हा बोलवावं. टेक्सास आणि फ्लोरिडाने जन्मतारखेची अट काढून टाकावी. तोवर आयोजकांनी येत्या हंगामापासूनच हा नियम करावा. त्यासाठी त्यांना कुठल्याही विधिमंडळाची परवानगी लागत नाही.