पाण्याला शिवण्याचा हक्क घेतला, तपासण्याचा कधी घेणार?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यातल्या नायट्रेटवर, नंतर रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. कारणाचा वाद बाजूला ठेवू. धडा एवढाच की आधी दुखणे आले, मग तपासणी आली.

उद्या हेच पेट्रोलच्या बाबतीत घडू शकते. प्रत्येक पंपाखाली जमिनीत टाक्या असतात. टाकी किंवा पाइप गंजून थेंब थेंब गळू लागला तर वर काहीच दिसत नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते भूजलावर तरंगते. पण त्यातले बेंझिन पाण्यात विरघळते आणि प्रवाहाबरोबर विहिरी-हातपंपांपर्यंत जाते. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. जिभेला चव कळेपर्यंत ती कित्येक पटींनी ओलांडलेली असते. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये जमिनीखालची तेलवाहिनी गळत होती, हे लोकांना बोअरमधून तेल येऊ लागल्यावर कळले.

शेगावच्या अमुक पंपाची टाकी गळते, असा माझा आरोप नाही. तपासल्याशिवाय आरोप करता येत नाही, तसे निर्धास्तही राहता येत नाही.

कुणी म्हणेल, गावात पाणी तपासायचे किट आहे, जलजीवन मिशनने पाच महिलांना प्रशिक्षणही दिले आहे. चांगलेच आहे. पण ते किट नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड पाहते. बेंझिन पाहत नाही. त्यासाठी टाकीच्या वरच्या आणि खालच्या प्रवाहात मिळून किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने लागतात. नमुना हवा न राहता काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीत, थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यावा लागतो.

हा आपला प्रश्न का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नवे पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांची रुग्णालये आणि निवासी भागापासून ५० मीटर दूर असावेत असे सांगितले. पण निवासी भाग कोणता? स्थानिक कायद्याने ठरवलेला! गायरानावर, रस्त्याकडेला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी आपली वस्ती कागदावर 'अतिक्रमण' असते. जिचे घर कागदावर नाही, तिचे अंतर कोण मोजणार? पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात नळ बंद पडला की पैसेवाला जार विकत घेतो; हातपंपावर जाते ती आपली माय.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणूस म्हणून समान हक्क सिद्ध करण्यासाठी. पाण्यात काय आहे हे जाणून घेणे हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे.

तेव्हा तरुणांनो, जयंतीच्या वर्गणीतले थोडे पैसे पाणी तपासणीसाठी बाजूला काढा. सरकारी तेल कंपन्यांना माहिती अधिकार लागू आहे. तालुक्यातल्या पंपांच्या टाक्या कोणत्या साली बसवल्या, गळतीची चाचणी कधी झाली, भूजलाचे अहवाल कुठे आहेत, हे लेखी विचारा. पंपाजवळच्या हातपंपांची यादी करून ग्रामसभेत ठराव घ्या. उद्या हरित न्यायाधिकरणात जावे लागले तर आजचा स्वच्छ पाण्याचा अहवालही पुरावा ठरेल. तो नसेल तर 'पाणी आधीपासूनच खराब होते' एवढे म्हणून कंपनी सुटू पाहील.

जय भीम!